रबाळ्याच्या गाळ्यातून प्रश्न: सीएनसी लेथचं प्रोग्रामिंग सिम्युलेशनवर शिकता येतं का?

रबाळे_गाळा (धागाकर्ता) | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी.

मी टर्नर. आयटीआय होऊन दहा वर्षं झाली, तेव्हापासून रबाळे एमआयडीसीतल्या एकाच गाळ्यात साध्या लेथवर आहे. चार जबड्यांच्या चकमध्ये वेडावाकडा जॉब डायल लावून ट्रू करणं, हाफ नट टाकून आटे पाडणं, टूल ग्राइंडरवर घासून घेणं, हे सगळं येतं. दिवाळीनंतर शेठनी एक वापरलेलं सीएनसी लेथ (प्रोग्रामवर चालणारं) घेतलं, फॅनक कंपनीच्या कंट्रोलचं. प्रोग्रामिंगला बाहेरचा माणूस येतो, आठवड्यातून दोनदा. तो प्रोग्राम टाकतो, पहिला पीस काढून देतो आणि जातो. मध्येच ड्रॉइंगमध्ये काही बदललं की मशीन त्याची वाट बघत उभं राहतं. परवा शेठ म्हणाले, "तू शिकून घे. पण मशीन मोकळं मिळणार नाही, दोन शिफ्टचं काम आहे."

म्हणजे शिकायचं ते कळव्याला घरी, रात्री जेवण झाल्यावर, धाकट्या भावाच्या लॅपटॉपवर. एक सिम्युलेशन सॉफ्टवेअर टाकलंय. चार दिवसांत जी०० (टूल वेगाने नेणं), जी०१ (कापत सरळ नेणं) कळलं. स्क्रीनवर गोल बार फिरतो, टूल येतं, बार कापला जातो, छान दिसतं. पण साध्या लेथवर हँडव्हील जड लागलं की मी थांबतो, आवाज बदलला की फीड सोडतो. इथे हाताला काहीच लागत नाही. स्क्रीनवर बरोबर आलं म्हणजे मशीनवर बरोबर येईल, हा भरवसा कशाच्या जोरावर धरायचा? जे या रस्त्याने गेलेत त्यांनी सांगा.

(कोड इथे मराठी अक्षरांत लिहितोय, समजून घ्या.)

तळोजा_नाइटशिफ्ट | रविवार, रात्री ११:२५

भाऊ, स्पष्ट लिहितो. फक्त सिम्युलेशनवर शिकलेली पोरं आमच्याकडे येतात आणि पहिल्याच दिवशी ऑफसेटच्या (टूलची जागा मशीनला सांगणारे आकडे) पानावर अडकतात. स्क्रीनवर टूलचा झीरो आयता मिळतो, मशीनवर तो घ्यावा लागतो. बारवर हलका कट मारायचा, एक्स न हलवता झेडमध्ये मागे यायचं, स्पिंडल थांबवून मायक्रोमीटरने व्यास मोजायचा, मग जॉमेट्रीच्या पानावर त्या टूलच्या ओळीत जाऊन एक्स आणि मोजलेला आकडा टाकायचा आणि मेजर दाबायचं. हे करताना माणूस एकदा तरी एक्स हलवतोच आणि पुढचा सगळा हिशोब बिघडतो. तुमच्याकडे जो माणूस येतो ना, त्याच्या मागे वही घेऊन उभा राहा. तुझी खरी शाळा तिथे आहे.

घणसोलीकर | सोमवार, सकाळी ८:०५

वरच्या मुद्द्यात एक दुरुस्ती. सगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये झीरो आयता मिळत नाही. स्वानसॉफ्टमध्ये मशीनचं पूर्ण पॅनेल दिसतं आणि टूल टच करून ऑफसेट टाकावाच लागतो. फॅनकचं स्वतःचं एनसी गाइड आहे, ते संगणकावर खऱ्या कंट्रोलसारखंच वागतं. सीमेन्सचं मशीन असतं तर सिनुट्रेन घे म्हटलं असतं, पण तुझं फॅनक आहे, तू त्याच्या मागे लागू नकोस. सुरुवातीला दोन कंट्रोलची भाषा डोक्यात कालवली की दोन्ही कच्ची राहतात. बेंगळुरूच्या कॅडेम कंपनीचं सीएनसी टर्न नावाचं सिम्युलेशन आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी शिकवायला वापरतात (नावातलं 'सी' म्हणजे बघणं, उच्चार तोच होतो). कॅमोटिक्स फुकट आहे पण ते मिलिंगसाठी, लेथवाल्याने त्यात वेळ घालवू नये.

आणि कृपा करून क्रॅक केलेलं काही टाकू नकोस. चाचणी मुदतीतलं घे, मुदत ठरवून अभ्यास कर.

वागळेवाला | सोमवार, दुपारी १:१०

मी वागळे इस्टेटमध्ये क्वालिटीला आहे. माझ्या भाच्याला आम्ही ठाण्यातल्या एका खासगी क्लासात घातलं होतं. जाहिरातीत "लाइव्ह मशीन" लिहिलं होतं. तीन महिन्यांत मशीनचं दार त्याने दोनदा उघडलेलं पाहिलं, बाकी सगळं प्रोजेक्टरवर. मुलगा हुशार, घरी सॉफ्टवेअरवर रात्र रात्र बसायचा, त्यामुळे निभावलं. फी भरण्याआधी एवढंच विचारा: माझ्या हाताने मी किती टूल टच करणार आणि माझ्या प्रोग्रामवर किती पीस निघणार? उत्तर आकड्यात आलं नाही तर उठून यावं.

शिल्प_निदेशक | सोमवार, रात्री ९:३०

धागाकर्ते, मी टर्नर ट्रेडला शिकवतो. तुमचा पाया पक्का आहे हे आधी सांगतो, कारण साध्या लेथवर दहा वर्षं काढलेल्या माणसाला फीड आणि डेप्थ ऑफ कट समजावून सांगावी लागत नाही. नवीन मुलाला जी७१ (थराथराने जाड मटेरियल उतरवायचा कोड) पाठ असतो आणि एन ८ च्या (मध्यम कार्बन स्टीलच्या) बारला एका कटात किती झेपेल ते माहीत नसतं. तुमचं उलटं आहे आणि ते बरंच सोपं आहे.

लॅपटॉप उघडण्याआधी आलेखाच्या कागदावर जॉब काढा. बारच्या तोंडाच्या मध्यावर शून्य. उजवीकडे झेड अधिक, चककडे उणे. आता प्रत्येक कोपऱ्याला आकडा द्या, एक्सचा आकडा व्यासात. इथेच साध्या लेथवाल्याची पहिली अडखळ होते. तुमच्या क्रॉस स्लाइडच्या डायलवर एक मिमी आत गेलात की व्यास बहुतेक मशीनवर दोनने उतरतो. सीएनसीवर तुम्ही थेट व्यास लिहिता. पण गोलाईच्या आय आणि केमध्ये आकडा त्रिज्येचाच. आणि जी७१च्या दोन ओळींत दोन वेळा यू येतो, तो नीट बघा:

जी७१ यू१.५ आर०.५
जी७१ पी१० क्यू२० यू०.४ डब्ल्यू०.१ एफ०.२५

पहिल्या ओळीतला यू म्हणजे एका कटाची खोली, एका बाजूने. दुसऱ्या ओळीतला यू म्हणजे फिनिशिंगला ठेवलेलं मटेरियल, व्यासावर. अक्षर एक, अर्थ दोन. हे मी फळ्यावर दर वर्षी लिहितो आणि दर वर्षी कोणीतरी चुकतं.

कागदावर कोपरे लिहून झाले की बोटाने टूलचा रस्ता फिरवा, तोंडाने आकडे म्हणा. मग सॉफ्टवेअरमध्ये टाका. असं केलंत की सॉफ्टवेअर तुमची तपासणी करतं. नुसतं स्क्रीनसमोर बसून आकडे बदलत राहिलात तर चित्र बरोबर येईपर्यंत अंदाज लावत बसाल आणि बरोबर का आलं ते कळणार नाही.

स्पीडसाठी सूत्र तुम्हाला येतंच: कटिंग स्पीड गुणिले १०००, भागिले ३.१४ गुणिले व्यास. जी९६ एस१८० (कटिंग स्पीड मिनिटाला १८० मीटर कायम ठेव) लिहिलंत की मशीन हा हिशोब दर क्षणी करतं. ४५ मिमीवर १२७३ आरपीएम, २० मिमीवर २८६५, आणि फेसिंग करत ५ मिमीपर्यंत आलात की ११४५९ मागतं. म्हणून त्याच्या वर जी५० एस२५०० लिहून मर्यादा घालायची. हा जी५० विसरला तरी सिम्युलेशन काही बोलत नाही, कोपऱ्यात आकडा वाढत जातो एवढंच. मशीनवर स्पिंडल त्याच्या कमाल वेगापर्यंत पळत सुटतो आणि वेगाबरोबर जबडे बाहेर फेकले जाऊन जॉबवरची पकड ढिली होते.

भारत स्किल्सच्या पोर्टलवर निमी या संस्थेची टर्नर ट्रेडची पुस्तकं आहेत, दुसऱ्या वर्षाचा सीएनसीचा भाग वाचून काढा.

महापे_प्रोग्रामर | सोमवार, रात्री ११:५०

दादा, तुमचा प्रश्न भरवशाचा आहे, म्हणून माझ्यावर आलेला प्रसंग सांगते.

तेव्हा मी आत्ताच्या कंपनीत नव्हते. प्रोग्रामिंगला लागून सहा महिने झाले होते. साधा पायरीचा जॉब, ४६चा बार ४२ला उतरवायचा, लांबी ३०. प्रोग्राम संगणकावर लिहिला, सिम्युलेशन तीन वेळा चालवलं, एकही लाल खूण नाही. पेन ड्राइव्हवरून मशीनमध्ये टाकला. पहिली मशीन बिझी होती म्हणून शेजारच्या मशीनवर. स्टार्ट दाबलं. टूल ४२ वर यायला हवं होतं. ते थेट बारच्या तोंडासमोर, अगदी मध्यावर येऊन उभं राहिलं. मला वाटलं कदाचित फेसिंगची ओळ असेल, आणि हा विचार पूर्ण होईपर्यंत ते फीडने सरळ बारच्या आत घुसलं. तो आवाज अजून कानात आहे. इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापणारं टोक) फुटला, होल्डर वाकला, टरेटची (टूल बसवलेल्या फिरत्या चकतीची) अलाइनमेंट गेली. मशीन तीन दिवस बंद.

चूक काय होती? मी "जी०० एक्स४२" लिहिलं होतं. "एक्स४२." नाही. आकड्यामागचा दशांशाचा टिंब राहिला. फॅनकमध्ये ३४०१ क्रमांकाच्या पॅरामीटरचा एक बिट असतो. तो एका स्थितीत असला तर ४२ म्हणजे ४२ मिमी. दुसऱ्या स्थितीत टिंब नसलेला ४२ म्हणजे ४२ मायक्रॉन, म्हणजे ०.०४२ मिमी. माझं सॉफ्टवेअर पहिल्या पद्धतीवर होतं, पहिली मशीनही. शेजारची मशीन दुसऱ्या. पुढच्या ओळीत "झेड-३०." होतं, त्यात टिंब होता, म्हणून ती ३० मिमी गेली.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट मनाशी धरून आहे. सिम्युलेशनला तेवढंच दिसतं जेवढं आपण त्याला सांगितलंय. बारची लांबी आपण सांगतो. जबडे किती बाहेर आलेत ते आपण सांगतो, बहुतेक वेळा सांगतच नाही. टूल होल्डरपासून किती पुढे आहे, नोजची (टूलच्या टोकाची) त्रिज्या किती, कंट्रोल टिंब कसा वाचतो, सगळं आपणच. स्क्रीनवर जॉब सुरेख निघाला याचा अर्थ एवढाच की मी सांगितलेल्या जगात माझा प्रोग्राम बरोबर आहे. सांगितलेलं जग आणि आपला गाळा एक आहे का, हे मशीनजवळ जाऊन मोजावं लागतं. फूटपट्टी घेऊन, वाकून.

तुमच्या बाजूने मोठी गोष्ट ही की तुम्ही त्याच गाळ्यात आहात. उद्या जेवणाच्या सुट्टीत जबड्यांची उंची मोजा, बोअरिंग बारचा बाहेर आलेला भाग मोजा, टरेटवर कुठल्या स्टेशनला काय आहे ते लिहून घ्या आणि हुबेहूब तसं सॉफ्टवेअरमध्ये भरा. मग रात्रीचा सराव आपल्याच मशीनवर केल्यासारखा होईल.

तळोजा_नाइटशिफ्ट | मंगळवार, सकाळी ६:४०

ताई, हे पटलं. आत्ताच शिफ्ट सुटली, सुटायच्या आधी आमच्या चारही मशीनचा ३४०१ बघून आलो. तीन एकसारख्या, एक वेगळी. इतकी वर्षं सगळे टिंब देतात म्हणून कोणाला कळलं नव्हतं. मशीनवर चिठ्ठी लावली.

रबाळे_गाळा | मंगळवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं वाचून आज सुट्टीत मोजमाप घेतलं. जबडे चकच्या तोंडापासून ३८ मिमी बाहेर आहेत. सॉफ्टवेअरमध्ये मी चक भरलाच नव्हता, बार हवेत धरल्यासारखा होता. बोअरिंग बार २० मिमीचा, ९० मिमी बाहेर. तो आधीच साडेचार पट झाला, आणि साध्या लेथवर स्टीलच्या बारला मी चार पटीच्या वर जात नाही, कारण थरथरतो. उद्या बाहेरच्या माणसाला विचारतो की एवढा का सोडलाय.

निवृत्त_टूलरूम | बुधवार, सकाळी ७:२०

मंडळी, धागा वाचून राहवलं नाही. मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालो. आमच्या वेळी प्रोग्राम कागदी टेपवर असायचा, एक इंच रुंदीची पट्टी, तिला आडव्या आठ भोकांच्या जागा. एक भोक चुकलं की पट्टी कापून जोड लावायची किंवा पुन्हा पंच करायची. १९५२ साली अमेरिकेत एमआयटीत पहिलं एनसी मशीन दाखवलं, ते मिलिंगचं, तेही पंच टेपवरच चालायचं. आमच्याकडे सिम्युलेशन म्हणजे जॉब न लावता, चक रिकामा ठेवून मशीन चालवणं आणि टूलच्या टोकाकडे डोळे लावून बसणं. त्या सवयीने माझी नजर तयार झाली. म्हणून सांगतो, स्क्रीनवरचं चित्र वेगाने पळवू नका. एक ओळ, एक हालचाल. टूल कुठे जाणार ते आधी मनात म्हणा, मग बटण दाबा. अंदाज चुकला तर तिथेच थांबून वहीत का चुकला ते लिहा.

रबाळ्याच्या मित्रा, गोलाईत तुमचा घोळ होईल, आधीच सांगून ठेवतो. साध्या लेथवर टूल तुमच्या बाजूला असतं. सीएनसीवर टरेट बहुतेक जॉबच्या पलीकडे असतो, म्हणून एक्स अधिक म्हणजे तुमच्यापासून लांब. बाहेरच्या कोपऱ्याची गोलाई, तोंडाकडून चककडे जाताना, जी०३ (घड्याळाच्या उलट). आतल्या कोपऱ्यातली गोलाई, म्हणजे फिलेट, जी०२ (घड्याळाच्या दिशेने). साध्या लेथची नजर ठेवून बघाल तर दोन्ही उलटी वाटतील. कागदावर एक्स अधिक वरच्या दिशेला काढायची सवय लावा, प्रश्न मिटतो.

रबाळे_गाळा | पुढचा शनिवार, रात्री ११:३०

काका, गोलाईत घोळ झालाच, आणि तुमचं आठवून सुटला.

आता प्रगती. शेठनी एक ड्रॉइंग दिलंय, त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाची पिन. एन ८, ४५चा बार. तोंडाला २ × ४५ चॅम्फर (४५ अंशाला तिरकी कापलेली कड), मग एम २० × १.५ चे आटे, ३ मिमीचा ग्रूव्ह, पुढे २८चा व्यास, शेवटी ४०ची कॉलर. साध्या लेथवर मी अशा शेकडो केल्यात. आता हीच सॉफ्टवेअरमध्ये करतोय.

जी७१च्या पहिल्या यूमध्ये मी यू३. टाकलं होतं. डोक्यात व्यास. स्क्रीनवर जॉब अगदी बरोबर निघाला, आकार तोच. पण मी कट मोजले. बारच्या जरा बाहेर, ४६ पासून चॅम्फरच्या सुरुवातीच्या १६ पर्यंत जायचं, म्हणजे एका बाजूने १५ मिमी, दीड मिमीने साधारण दहा कट व्हायला हवेत. झाले पाच. तेव्हा निदेशक सरांचं वाक्य आठवलं. स्क्रीनने काहीच चूक दाखवली नाही, कारण त्याच्या लेखी तीन मिमी काय आणि दीड मिमी काय, दोन्ही हवा. आता दर वेळी आधी कागदावर कट किती पडतील ते लिहितो आणि स्क्रीनवर मोजतो.

एक शंका. चॅम्फर स्क्रीनवर बरोबर २ चा येतो. पण बाहेरचा माणूस म्हणतो की मशीनवर कमी येईल. का?

शिल्प_निदेशक | रविवार, सकाळी १०:००

कारण तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये टूलची नोज त्रिज्या बहुधा शून्य आहे. तपासा.

खऱ्या इन्सर्टचं टोक टोकदार नसतं, ०.८ ची गोलाई असते. झीरो घेताना आपण ती गोलाई एक्सला आणि झेडला वेगवेगळी टेकवतो, त्यामुळे मशीन ज्याला टूलचं टोक समजतं तो हवेतला बिंदू असतो, तिथे धातू नाहीच. सरळ व्यास किंवा सरळ तोंड कापताना फरक पडत नाही. तिरक्या रेषेवर पडतो. ४५ अंशाला हिशोब मांडलात तर टूल ०.८ × ०.५८६, म्हणजे ०.४७ मिमी अलीकडेच राहतं. तुमचा २ चा चॅम्फर १.५३ चा येईल. उपाय जी४२ (नोजच्या गोलाईचा हिशोब धरून टूल सरकवणारा कोड), फिनिशिंगच्या रस्त्यावर. ऑफसेटच्या पानावर त्या टूलच्या ओळीत आरमध्ये ०.८ आणि टीमध्ये (टोक कुठल्या दिशेला आहे त्याचा क्रमांक) ३ भरलेलं हवं, नाहीतर जी४२ लिहूनही उपयोग नाही.

आधी नोज ०.८ भरा आणि जी४२ न लिहिता चालवा. चॅम्फर कमी आलेला डोळ्यांनी बघा. मग जी४२ घाला.

रबाळे_गाळा | रविवार, दुपारी ३:२०

सर, तसंच केलं. मोजलं तर १.५३. जी४२ घातल्यावर २.००. दोन वेळा चालवून बघितलं. तुमच्या कागदावरच्या हिशोबाचा आकडा स्क्रीनवर तसाच उतरला, आज फार बरं वाटलं.

ऐरोली_कॅड | सोमवार, दुपारी १२:४५

एक वेगळा मुद्दा. आता कॅममध्ये मॉडेल टाकलं की प्रोग्राम तयार मिळतो. हाताने जी कोड लिहायला शिकण्यात महिने का घालवायचे? थेट कॅम शिका, सिम्युलेशनही त्यातच येतं.

महापे_प्रोग्रामर | सोमवार, रात्री ९:१०

मी रोज कॅमवर काम करते, तरी धागाकर्त्यांना हातानेच लिहायला सांगेन. लेथचे बहुतेक जॉब चार-पाच व्यास, एखादा टेपर, एखादा आटा. जी७१, जी७० (फिनिशिंग) आणि जी७६ (आटे) मिळून ते तीस-चाळीस ओळींत बसतात आणि मशीनसमोर उभं राहून बदलता येतात. कॅमचा प्रोग्राम बऱ्याचदा कट-कट सुटा लिहून येतो, दीडशे-दोनशे ओळी. रात्री दोन वाजता गिऱ्हाइकाने व्यास ०.२ ने बदलला तर त्या दोनशे ओळींत कुठे हात घालायचा? जो हाताने लिहू शकतो तो कॅमने दिलेलं वाचू शकतो, आणि न वाचता चालवलेल्या प्रोग्रामने काय होतं ते मी वर लिहिलंय. व्हीएमसीवर (उभ्या मिलिंग मशीनवर) गुंतागुंतीचे साचे करायचे असतील तर तुमचं म्हणणं पूर्ण मान्य.

दादा, आट्यांचं लिहून ठेवते, कारण तिथे टिंबाचा नियम उलटा आहे:

जी७६ पी०१००६० क्यू१०० आर०.०५
जी७६ एक्स१८.१६ झेड-२२. पी९२० क्यू२५० एफ१.५

आट्याची खोली पिचच्या ०.६१३४ पट, १.५ ला ०.९२. म्हणून तळाचा व्यास २० वजा १.८४, म्हणजे १८.१६. पण पीमध्ये ९२० लिहायचं, मायक्रॉनमध्ये, टिंब न देता. आणि आटे पाडताना जी९७, ठरलेला आरपीएम. जी९६ चालू राहिला तर प्रत्येक कटाला आरपीएम बदलत जाईल. सुरुवात तोंडापासून दोन-तीन पिच अलीकडून करा. हाफ नटचं काम आता एन्कोडर करतो, पण स्लाइडला वेग पकडायला जागा लागतेच. स्क्रीनवर ही जागा न देताही आटा देखणा येतो, त्यावर जाऊ नका.

निवृत्त_टूलरूम | मंगळवार, सकाळी ७:०५

+१. शेवटचं वाक्य वहीत लाल शाईने लिहा.

तळोजा_नाइटशिफ्ट | मंगळवार, सकाळी ६:५५ (पुढचा आठवडा)

रबाळेकर, मशीनवर जायची वेळ आली की असं कर. पहिल्यांदा जॉब न लावता. झेडचा ऑफसेट १०० मिमी बाहेर सरकवून प्रोग्राम पूर्ण चालव, टूल हवेत फिरेल. मग ऑफसेट परत आणलास ना, हे दोनदा बघ. दुसऱ्यांदा जॉब लावून सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ) चालू, रॅपिड (न कापता पळायचा वेग) २५ टक्के, डावा हात फीड होल्डवर (हालचाल थांबवायच्या बटणावर). डोळे स्क्रीनवरच्या डिस्टन्स टू गो (अजून किती जायचंय) वर. टूल जॉबपासून अंदाजे १० मिमीवर आहे आणि आकडा ६० शिल्लक दाखवतोय, तर काहीतरी चुकलंय, दाब होल्ड. तू पहिल्या दिवशी लिहिलं होतंस की हाताला काहीच लागत नाही, तर हात इथे ठेव.

मी पहिल्या दिवशी जरा कडक लिहिलं होतं. तू ज्या पद्धतीने करतोयस ते बघून माझं मत बदललंय.

रबाळे_गाळा | रविवार, संध्याकाळी ७:४५

काल दुपारी शिफ्ट सुटल्यावर शेठनी मशीन दिलं. स्वतः थांबले. बाहेरचा माणूसही थांबला, त्याचेही आभार, त्याने एकदाही मध्ये हात घातला नाही. बोअरिंग बारचं विचारलं तेव्हा त्याने तो ७० वर आत घेतला, म्हणाला जुन्या जॉबचा तसाच राहिला होता.

टूल मीच टच केले, चार. ग्रूव्हिंगच्या टूलला झेड कुठल्या कडेने घ्यायचा यात थोडा वेळ गेला. आधी हवेत चालवला. तिथेच एक गोष्ट सापडली. ग्रूव्ह झाल्यावर टूल बाहेर यायला मी एक्स३०. लिहिलं होतं, २८ च्या व्यासाच्या वर म्हणून. सॉफ्टवेअरमध्ये तिथे काही अडत नव्हतं. पण माझ्या जॉबला मागे ४०ची कॉलर आहे आणि टरेटमध्ये शेजारच्या स्टेशनला ड्रिल बाहेर आलेलं आहे. एक्स३० वर टरेट फिरला असता तर ड्रिल कॉलरच्या बाजूला जवळून गेलं असतं. एक्स१००. झेड१००. वर नेऊन मग टूल बदलायला लावलं. ताई, हे ड्रिल मी सॉफ्टवेअरमध्ये भरलं नव्हतं. तुमचं वाक्य समोर उभं राहिलं.

मग बार लावला. सिंगल ब्लॉक, रॅपिड २५. पहिल्या कटाचा आवाज आला तेव्हा कान टवकारले, आणि तो ओळखीचाच निघाला. एन ८ दीड मिमीला तसाच वाजतो, माझ्या जुन्या लेथवरही. तिसऱ्या कटाला चिप लांब निघून गुंडाळायला लागली, फीड ०.२५ वरून ०.२८ केला, तुटायला लागली. हे कुठल्याच स्क्रीनवर दिसलं नव्हतं, पण हे मला आधीपासून येत होतं.

२८चा व्यास २८.०६ आला. वेअरमध्ये (टूल झिजल्याच्या ऑफसेटमध्ये) उणे ०.०६ टाकला, फिनिशिंग पुन्हा चालवलं, २८.००. चॅम्फर २. त्या पहिल्या पीसनंतर आणखी एकोणीस काढले. रात्री साडेदहाला गाळा बंद केला. शेठ म्हणाले, उद्या आराम कर, सोमवारपासून या जॉबचा प्रोग्राम तुझ्या नावाने लिहून ठेव.

महापे_प्रोग्रामर | रविवार, रात्री ८:०२

दादा, वाचून डोळे भरून आले. आटे गेजने बघितले का?

रबाळे_गाळा | रविवार, रात्री ८:१०

हो ताई, वीसही. गो सगळीकडे शेवटपर्यंत गेला. नो-गो (हा आत शिरत जायला नको) सतरा पिसांना पहिल्याच आट्यावर अडला, तिघांना दीड आट्यावर.